स्वतःच्या सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट: हाताने मांडताना काय करायचं, का करायचं आणि कुठे अडतं

या वेळच्या व्हिडिओत आपण एका कोऱ्या क्लाउड सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट बसवलं, पहिल्या लॉगिनपासून ते पहिलं बिल प्रिंट होईपर्यंत. कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या असतात, त्यामुळे त्या व्हिडिओत स्क्रीन थांबवून उतरवून घ्या. इथे मी त्या परत लिहीत नाही. इथे लिहितोय ते त्यांच्या मागचं कारण: कुठली पायरी कशासाठी आहे, आणि ती राहिली तर दुकानात नेमकं काय बिघडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर चालू होणं हा या कामातला सोपा भाग आहे. शनिवारी रात्री बसलात तर रविवारी जेवायच्या आत लॉगिनचं पान दिसेल. पण उद्या त्याच मशीनवर तुमची उधारी, तुमचा स्टॉक, तुमची जीएसटीची बिलं असणार आहेत. आणि ते मशीन बंद पडलं तर फोन करायला कुणी नाही, तो फोन तुम्हालाच येणार. म्हणून माझ्या बॅचमध्ये एक नियम आहे, तोच तुम्हालाही सांगतो: दुसऱ्या कोऱ्या मशीनवर बॅकअपमधून सगळं परत उभं करून बघितल्याशिवाय पहिलं खरं बिल टाकायचं नाही. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

ईआरपीनेक्स्टच का, तर ते आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स आहे, आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर युजरमागे लायसन्सचे पैसे नाहीत. तीन माणसं वापरा नाहीतर तीस. पण 'फुकट' या शब्दाने हुरळून जाऊ नका. सर्व्हरचं भाडं आहे, डोमेनचे पैसे आहेत, आणि सगळ्यात महाग म्हणजे तुमचे तास आहेत. महिन्याला सरासरी तीन-चार तास देणं जमणार नसेल, तर फ्रॅपे क्लाउडसारखी सांभाळून देणारी सेवा घ्या; त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः दुकानदार आहे, काउंटर सोडून सर्व्हरशी खेळत बसायला कुणालाच परवडत नाही. तरीही एकदा हाताने मांडून बघा असं मी म्हणतो, कारण मग उद्या कुणाला पैसे देऊन हे काम करून घेतलंत तरी तो काय करतोय आणि काय टाळतोय ते तुम्हाला कळतं.

उदाहरणासाठी एक छोटा मसाल्यांचा उद्योग धरूया. मालकीणबाई, काउंटरवरचा एक मुलगा, आणि महिन्यातून चार दिवस येणारे अकाउंटंट. एवढ्यांसाठी दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीचं मशीन पुरतं. २ जीबीवरही बसवता येतं असं सांगणारे भेटतील. बसतं, पण इन्स्टॉल होताना जेव्हा पानांच्या फाइल्स तयार होतात, त्या पायरीला मेमरी संपते आणि स्क्रीनवर नुसतं 'किल्ड' एवढंच येतं. लोक तासभर चूक शोधत बसतात आणि चूक काहीच नसते, मशीन लहान असतं. ४ जीबी घ्या आणि वर २-३ जीबीचा स्वॅप लावून ठेवा.

सर्व्हर शक्यतो मुंबई किंवा बंगळूरमधल्या डेटा सेंटरमधला घ्या. पान पटकन उघडतं हे एक कारण. दुसरं म्हणजे, तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि रोज ठेवायचा, असं कंपनी कायद्याखालचे नियम सांगतात. 'रोज' हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत आला. प्रोप्रायटरशिपला हा नियम लागू नाही, पण जीएसटीचा आहे: रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचं, आणि इलेक्ट्रॉनिक असेल तर अपघाताने नष्ट झालं तरी वाजवी वेळात परत उभं करता येईल असा बॅकअप ठेवायचा. म्हणजे बॅकअप ही हौस नाही, तुमच्यावरचं बंधन आहे. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू आहे ते तुमच्या सीएंना विचारून घ्या.

(दुकानातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालवू का, असं बरेच जण विचारतात. फक्त दुकानाच्या वायफायवर वापरायचं असेल तर चालेल, यूपीएस लावा. बाहेरून उघडायचं असेल तर अडचण येते, कारण बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही.)

आधी दारं, मग घर

सर्व्हर मिळाल्यावर हात लगेच इन्स्टॉलकडे जातो. थांबा. पब्लिक आयपी मिळाल्याच्या क्षणापासून जगभरातले आपोआप चालणारे प्रोग्राम त्या मशीनचं दार ठोठवायला लागतात. लॉगिनची लॉग फाइल उघडून बघा, अनोळखी ठिकाणांहून 'रूट', 'अ‍ॅडमिन' अशी नावं टाकून प्रयत्न चाललेले दिसतील. ते तुमच्या मसाल्यांच्या मागे नाहीत, त्यांना कुठलंही उघडं मशीन चालतं.

पहिलं काम, रूट सोडून वेगळा युजर बनवायचा. व्हिडिओत आपण त्याचं नाव 'फ्रॅपे' ठेवलंय. दुसरं, पासवर्डऐवजी एसएसएच की. तुमच्या लॅपटॉपवर किल्लीची जोडी तयार होते, सार्वजनिक भाग सर्व्हरवर जातो, खाजगी भाग लॅपटॉपवरच राहतो. मग पासवर्डने लॉगिन बंद करायचं आणि रूटने थेट लॉगिन पण बंद.

इथे एक फसवी जागा आहे. तुम्ही मुख्य एसएसएच सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्डपुढे 'नो' लिहिता, सर्व्हिस रिस्टार्ट करता, आणि समजता की झालं. पण बऱ्याच क्लाउड कंपन्यांच्या उबुंटूमध्ये शेजारच्या उप-फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटची एक छोटी फाइल असते, आणि तिच्यात 'येस' लिहिलेलं असतं. एसएसएच जी ओळ आधी वाचतं ती धरतं, आणि ती छोटी फाइल आधी वाचली जाते. म्हणजे तुम्ही कुलूप लावलंय असं तुम्हाला वाटतंय आणि मागचं दार सताड उघडं आहे. म्हणून फाइलवर विश्वास ठेवू नका, चालू असलेली खरी सेटिंग दाखवणारी कमांड चालवा. व्हिडिओत ती दाखवली आहे. आणि हे सगळं करताना जुनी टर्मिनलची खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नवीन पद्धतीने आत जाता येतं का ते बघा, मगच पहिली बंद करा.

मग फायरवॉल. उबुंटूत यूएफडब्ल्यू असतं. क्रम महत्त्वाचा: आधी एसएसएचला परवानगी, मग फायरवॉल चालू. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर अडकाल, आणि मग क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवरच्या कन्सोलमधून आत शिरावं लागेल. उघडी ठेवायची दारं तीनच: २२ एसएसएचसाठी, ८० आणि ४४३ वेबसाठी. मारियाडीबीचं ३३०६, रेडिसची ११००० आणि १३०००, अ‍ॅपचं ८०००, हे सगळं मशीनच्या आतल्या आत बोलतं, बाहेरच्या जगाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. 'अकाउंटंटना थेट डेटाबेस बघायचाय म्हणून ३३०६ उघडून द्या' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्यांना ईआरपीनेक्स्टमध्ये लॉगिन द्या, रिपोर्ट तिथून एक्सेलमध्ये निघतो. डॉकर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात, तेव्हा यूएफडब्ल्यूची यादी बघून निर्धास्त होऊ नका.

आत कोण कोण काम करतं

ईआरपीनेक्स्ट म्हणजे एक प्रोग्राम नाही, पाच-सहा जणांची टीम आहे. दुकानाच्या भाषेत सांगतो. एनजिनएक्स म्हणजे दारातला माणूस: गिऱ्हाईक आलं की कुणाकडे पाठवायचं ते तो ठरवतो, आणि चित्रं, डिझाइनच्या फाइल्स तो स्वतःच देतो. मागे गनिकॉर्न आहे, तो खरं काम करणारा, पायथनमध्ये. मारियाडीबी ही वही. रेडिस म्हणजे काउंटरवरची कच्च्या चिठ्ठ्यांची टाचणी, लगेच लागणाऱ्या गोष्टी तिथे. वर्कर म्हणजे मागच्या खोलीत ईमेल पाठवणं, मोठे रिपोर्ट काढणं असली कामं करणारी पोरं. आणि सुपरवायझर नावाप्रमाणेच: कुणी खाली बसला की उठवून उभा करतो.

हे का सांगितलं? कारण बिघाड झाल्यावर कुणाकडे बघायचं ते यावरून कळतं. '५०२ बॅड गेटवे' आलं तर दारातला माणूस हजर आहे पण मागे कुणी नाही, म्हणून गनिकॉर्न आणि सुपरवायझर बघा. पानच उघडत नाही, नुसतं फिरत राहतं, तर दार, फायरवॉल किंवा डोमेन बघा. पान उघडतंय पण ईमेल जात नाहीत, तर वर्कर. मोठी फाइल चढवताना ४१३ आलं तर एनजिनएक्सने आकारावर मर्यादा घातलीय; त्याची मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते, बेंचने तयार केलेल्या फाइलमध्ये ती वाढवलेली असते, पण स्वतः फाइल लिहिणारे ती ओळ विसरतात. एनजिनएक्सची कुठलीही फाइल बदलली की आधी तपासणीची कमांड, मग रीलोड. एक अर्धविराम राहिला आणि तुम्ही थेट रिस्टार्ट मारलंत, तर दुकानाचं शटरच खाली.

आता इन्स्टॉल. उबुंटू २२.०४ घेतलं तर पायथन ३.१० आणि मारियाडीबी १०.६ त्यातच मिळतात, ईआरपीनेक्स्टच्या १५ व्या आवृत्तीला ते चालतं. नोड मात्र उबुंटूच्या भांडारातून घेऊ नका, तिथे १२ आहे आणि लागतं १८.

बेंच हे फ्रॅपेचं स्वतःचं हत्यार, सगळं त्यानेच बसवायचं. पण त्याला आवृत्तीची शाखा स्पष्ट सांगा. नाही सांगितली तर ते 'डेव्हलप' शाखा उचलतं, म्हणजे जिच्यावर डेव्हलपर लोकांचं रोज काम चाललेलं असतं ती. बसेल व्यवस्थित, दिसेलही छान. मग दोन महिन्यांनी कळणार की आपला धंदा अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहतोय, आणि तिथून स्थिर आवृत्तीवर डेटासकट मागे यायला सरळ रस्ता नाही. ही चूक एका शब्दाची असते आणि निस्तरायला फार महाग पडते. भारतीय जीएसटीसाठी 'इंडिया कम्प्लायन्स' हे वेगळं अ‍ॅप आहे, १४ व्या आवृत्तीपासून ते ईआरपीनेक्स्टमधून बाहेर काढलंय. तेही त्याच आवृत्तीच्या शाखेचं घ्या.

मारियाडीबीच्या सेटिंगमध्ये कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' करायला सांगतात. कंटाळून ती पायरी गाळू नका. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, इमोजी चार. जुन्या 'लॅटिन१' सेटिंगमध्ये 'कांदा-लसूण मसाला' साठवायला गेलात तर परत येताना नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि ती अक्षरं मग कुठूनच परत मिळत नाहीत.

पासवर्ड तीन वेगवेगळे आहेत, गोंधळ करू नका. एक मारियाडीबीच्या रूटचा, एक ईआरपीनेक्स्टच्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा, आणि एक तुमच्या लिनक्स युजरचा. तिन्ही लिहून तिजोरीत ठेवा. हो, कागदावर. रोजच्या बिलांसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वापरायचा नाही, प्रत्येक माणसाला त्याचा युजर द्या, नाहीतर कुठलं बिल कुणी बदललं ते कधीच कळणार नाही.

साइटचं नाव सुरुवातीलाच पूर्ण डोमेनसारखं ठेवा, म्हणजे समजा 'हिशेब' हे उपनाव आणि पुढे तुमचं डोमेन. फ्रॅपे येणाऱ्या पत्त्यावरून कुठली साइट दाखवायची ते ठरवतं. नाव वेगळं आणि डोमेन वेगळं असलं की 'साइट अस्तित्वात नाही' असं येतं, आणि लोक डीएनएसला शिव्या घालतात. डीएनएसमध्ये करायचं एवढंच: एक 'ए' रेकॉर्ड, उपनाव आणि सर्व्हरचा आयपी.

मग 'बेंच स्टार्ट'ने पान दिसलं की आनंद होतो. होऊ द्या, पण ती नुसती चाचणीची गाडी आहे, टर्मिनल बंद केलं की ती पण बंद. खऱ्या वापरासाठी प्रॉडक्शन सेटअपची कमांड चालवावी लागते, ती एनजिनएक्स आणि सुपरवायझरच्या फाइल्स लिहून देते. ती चालवली की २२.०४ वर एक ठरलेली गंमत होते: पान उघडतं, पण रंग नाही, बटणं नाहीत, नुसता उघडाबोडका मजकूर. कारण या उबुंटूत युजरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. दारातला माणूस, म्हणजे एनजिनएक्स, डिझाइनच्या फाइल्स घ्यायला जातो आणि त्याला आत सोडत नाहीत. होम फोल्डरवर इतरांना वाचायची आणि आत जायची परवानगी दिली की सगळं नीट दिसतं. एका ओळीचं काम आहे. त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करणारे लोक मी बघितलेत.

आता बिल छापून बघा, पीडीएफमध्ये. स्क्रीनवर मराठी नाव सुंदर दिसतं आणि पीडीएफमध्ये त्या जागी रिकामे चौकोन येतात. स्क्रीनवर तुमच्या कॉम्प्युटरचा फॉन्ट वापरला जातो, पीडीएफ मात्र सर्व्हरवर तयार होते, आणि कोऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो. नोटो किंवा लोहितचा देवनागरी फॉन्ट बसवा. पीडीएफ बनवणारा डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हा प्रोग्रामसुद्धा 'पॅच्ड क्यूटी' असलेला घ्या. उबुंटूच्या भांडारातल्या साध्या आवृत्तीत बिलाचं हेडर-फूटर नीट येत नाही. बिलावर दुकानाचं नावच आलं नाही तर गिऱ्हाईक काय म्हणेल!

एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं व्हायला हवं. त्यासाठी ८० नंबरचं दार उघडं लागतं. 'आता एचटीटीपीएस झालं, ८० कशाला' म्हणून कुणीतरी ते बंद करतं आणि तीन महिन्यांनी ब्राउझर लाल पान दाखवायला लागतो. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं जून २०२५ पासून बंद केलंय, तेव्हा आठवण करून द्यायला कुणी येणार नाही. नूतनीकरणाची कोरडी चाचणी लगेच करून घ्या आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ७५ व्या दिवसाची आठवण टाका.

घड्याळही बघून घ्या. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळेवर असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 'रात्री दोनला बॅकअप' असं लावलंत तर तो सकाळी साडेसातला सुरू होईल.

आणि मग, सगळं चालतंय असं वाटत असताना, सर्व्हर मुद्दाम रीबूट करा. हात न लावता पाच मिनिटांत लॉगिनचं पान परत आलं पाहिजे. नाही आलं तर आज कळलेलं बरं. नाहीतर जीएसटीआर-१ ची ११ तारीख उद्यावर आलेली असताना क्लाउड कंपनीने रात्री देखभालीसाठी मशीन बंद-चालू केल्यावर कळेल.

बॅकअप आणि त्याची खरी परीक्षा

बेंचची बॅकअपची कमांड छान आहे, पण ती काय करत नाही ते समजून घ्या. साध्या कमांडमध्ये फक्त डेटाबेस येतो. खरेदीची स्कॅन केलेली बिलं, मालाचे फोटो, जोडलेल्या फाइल्स हव्या असतील तर 'फाइल्ससकट' असा पर्याय वेगळा द्यावा लागतो. आणि तयार झालेला बॅकअप जातो कुठे? त्याच सर्व्हरवर, त्याच साइटच्या फोल्डरमध्ये. म्हणजे दुकानाची दुसरी किल्ली दुकानाच्याच गल्ल्यात ठेवण्यासारखं. सर्व्हरची डिस्क गेली, कार्डाचं पेमेंट अडकून क्लाउड कंपनीने खातं बंद केलं, कुणी आत शिरून सगळं कुलूपबंद केलं, या प्रत्येक वेळी बॅकअपही त्याच्याबरोबर गेला.

म्हणून तो रोज बाहेर काढायचा. माझी पसंती अशी की सर्व्हरने बॅकअप बाहेर ढकलू नये, दुकानातल्या कॉम्प्युटरने तो ओढून घ्यावा. ढकलण्यासाठी सर्व्हरवर दुसऱ्या जागेची किल्ली ठेवावी लागते, आणि जो सर्व्हरमध्ये शिरेल त्याच्या हातात तीही पडते. ओढून घेतलं तर दुकानाच्या कॉम्प्युटरची किल्ली सर्व्हरवर ठेवावीच लागत नाही. आरसिंकने हे होतं, रोज दुकान उघडलं की आपोआप. आठवड्यातून एकदा ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी न्या. सर्व्हरवरचे जुने बॅकअप साचू देऊ नका; डिस्क शंभर टक्के भरली की मारियाडीबीला लिहायला जागा उरत नाही आणि बिलिंग थांबतं. डिस्क किती भरलीय ते बघणारी कमांड दर सोमवारी चालवा.

डेटाबेसच्या फाइलबरोबर साइटची सेटिंग फाइलही जपा. तिच्यात एक 'एन्क्रिप्शन की' असते. ईआरपीनेक्स्टमध्ये साठवलेले ईमेल खात्याचे वगैरे पासवर्ड त्या किल्लीने बंद केलेले असतात. नव्या मशीनवर डेटा आला पण ही किल्ली नाही आली, तर बिलं दिसतील, उधारी दिसेल, पण साठवलेले सगळे पासवर्ड निरुपयोगी होतील, एकेक परत टाकावा लागेल.

आता परीक्षा. तासाच्या भाड्याने दुसरं तेवढंच मशीन घ्या. कोरं. व्हिडिओतल्या पायऱ्या न विसरता परत करा, अ‍ॅपच्या आवृत्त्या जुन्या मशीनवर होत्या त्याच. नवीन साइट बनवा. आणि रीस्टोअर करण्याआधी सेटिंग फाइलमध्ये 'म्यूट ईमेल्स' ही ओळ टाका. हे फार जणांच्या लक्षात येत नाही: रीस्टोअर झालेली साइट ही तुमच्या खऱ्या साइटची जुळी बहीण असते. तिला गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते माहीत असतात, आणि जुळलेली वेळ आली की ती पण थकबाकीची आठवण पाठवायला लागते. एकाच उधारीसाठी दोन-दोन तगादे गेले तर जुनं गिऱ्हाईक दुखावतं.

मग रीस्टोअरची कमांड, डेटाबेस आणि दोन्ही प्रकारच्या फाइल्स, सार्वजनिक आणि खाजगी. एन्क्रिप्शन की जुन्या सेटिंग फाइलमधून नव्यात. शेवटी मायग्रेट. झालं की मालकीणबाईंना खुर्चीवर बसवा, आणि तुम्हीच मालक असाल तर स्वतः बसा. कालचं शेवटचं बिल उघडतंय का? त्याला जोडलेला फोटो उघडतोय का? एकूण येणं बाकी जुन्या मशीनवरच्या आकड्याशी पैशापर्यंत जुळतं का? हळदीचा स्टॉक तेवढाच आहे का? नुसतं लॉगिन झालं म्हणून टाळ्या वाजवू नका.

या सगळ्याला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. पहिल्यांदा करताना पाच-सहा तास गेले तर घाबरू नका, दुसऱ्यांदा वेळ निम्म्यावर येतो. पण तो आकडा खरा आहे: सर्व्हर गेला तर तुमचं बिलिंग तेवढा वेळ बंद राहणार. आणि बॅकअप रोज एकदाच बाहेर येत असेल, तर जास्तीत जास्त एका दिवसाची बिलं हाताने परत टाकावी लागणार. म्हणून काउंटरवर एक छापील बिलबुक ठेवाच. दिवाळीच्या आठवड्यात हे परवडणार नसेल, तर त्या आठवड्यात बॅकअप दिवसातून चारदा ओढून घ्या. हे गणित बघून 'मला नाही जमणार' वाटलं तर ते आज वाटणं चांगलं. सांभाळून देणाऱ्या सेवेचे पैसे तुम्ही याच तासांसाठी देता, आणि आता ते महाग की स्वस्त ते तुम्हाला नेमकं सांगता येईल.

ईआरपीनेक्स्टचं अपडेट आलं की तेही आधी अशाच दुसऱ्या मशीनवर करून बघा, मग खऱ्यावर. ११ आणि २० तारखेच्या आसपास अजिबात नाही. उबुंटूचे सुरक्षेचे अपडेट मात्र आपोआप चालू ठेवा, त्यांना तारखा बघायच्या नाहीत.

परीक्षा संपली की दुसरं मशीन नुसतं बंद करू नका, पूर्ण काढून टाका. बंद ठेवलेल्या मशीनचंही भाडं बऱ्याच कंपन्या लावतात, आणि तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी त्या डिस्कवर पडून असते. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी, तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. एसएसएलच्या ७५ व्या दिवसाच्या आठवणीला जोडून टाकलीत तर एकाच रविवारी दोन्ही कामं होतात.